ठसा आणि शब्द

गेल्या पावसाळ्यापर्यंत नागोठण्याच्या माझ्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर, काळ्या कापडात मढवलेली एक चपटी पेटी असे. पेटीत वीस कागद होते. प्रत्येक कागदावर एक मुद्राचित्र; कोणाचे लाकडी ठशावरून घेतलेले, कोणाचे लिनोवरून, कोणाचे तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून. प्रत्येक चित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एकच अपूर्णांक होता: १४/३०. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही. त्या वीस सह्यांपैकी एक माझी होती.

मी ज्या कलाशाळेत शिकलो, तिच्या एका स्मरणवर्षानिमित्त हे संपुट निघाले. शाळेचे नाव येथे देत नाही. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात उणे काही असेल तर ते शाळेचे नाही, माझे आहे. त्या पेटीने माझ्यासमोर एक प्रश्न उभा केला. तो वरवर पाहता चित्रकारांच्या धंद्यातला वाटतो. परंतु जसजसा मी त्याचा विचार करीत गेलो, तसतसा तो कोणाही माणसाच्या दारात येऊन उभा राहील असा मला वाटू लागला. प्रश्न थोडक्यात असा: एखादी चांगली गोष्ट पुष्कळांना देता येण्याजोगी असताना, ती मोजक्यांनाच मिळावी म्हणून तिचे मूळ नष्ट करणे योग्य आहे काय? आणि तसे करण्याचा शब्द आपण देऊन बसलो असू, तर दुसऱ्याच्या खऱ्याखुऱ्या गरजेपुढे तो शब्द मोडता येतो काय?

मुद्राचित्र म्हणजे छापील चित्र, म्हणजेच कॅलेंडर, अशी समजूत होण्याचा संभव असल्याने थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कॅलेंडरावरील चित्र ही आधी अस्तित्वात असलेल्या एखाद्या चित्राची नक्कल असते. मुद्राचित्राचे तसे नाही. चित्रकार सागाची फळी घेतो, जो भाग पांढरा राहावा असे त्याला वाटते तो कोरणीने काढून टाकतो, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवतो, वर कागद ठेवतो आणि पाठीमागून लाकडी चमच्याने घासतो. कागद उचलला की चित्र जन्माला येते. त्यापूर्वी ते कोठेच नसते. ठशावर असते ते उलटे. तेथे नदीही उलट्या दिशेने वाहते. म्हणून तीस प्रतींपैकी मूळ कोणती, असे विचारण्यात अर्थ नाही. तीसही मूळच असतात आणि सारखीही असतात. एकच गोष्ट अनेकांची संपूर्णपणे व्हावी, कोणाच्या वाट्याला तुकडा येऊ नये, अशी सोय ज्या थोड्या कलांत आहे, त्यांपैकी ही एक.

आपल्याकडील कलाशिक्षणाशी या कलेचे नाते जुने आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तिच्या आरंभीच्या काळात टेरी नावाचे शिक्षक चित्रकलेबरोबर लाकडी ठसे कोरण्याचेही शिक्षण देत असत. तेव्हा त्या विद्येचा हेतू व्यवहाराचा होता. पुस्तकांना आणि नियतकालिकांना चित्रे लागत आणि ती ठशांवरूनच छापावी लागत. पुढे छायाचित्रणाच्या साहाय्याने ते काम यंत्रे करू लागली. ठसा पोटापाण्याच्या जबाबदारीतून सुटला आणि कलावंताच्या हाती आला. गंमत अशी, की तो असा मोकळा झाल्यावरच प्रती मोजण्याची आणि त्यांवर क्रमांक घालण्याची चाल रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वी असे अपूर्णांक सहसा आढळत नाहीत.

कलाशाळेने आपल्या माणसांची मुद्राचित्रे एकत्र बांधून संपुट काढावे, ही कल्पनाही नवी नाही. जर्मनीतील वायमार येथे १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या शाळेने १९२१ पासून अशी संपुटे काढण्यास आरंभ केला. पाच संपुटे योजली होती. पहिले शाळेतील अध्यापकांचे. इतरांत जर्मन, इटालियन आणि रशियन चित्रकारांचा समावेश होता. महायुद्धाची कटुता ताजी होती. फ्रेंच चित्रकारांसाठी राखलेले संपुट पुरे होऊ शकले नाही. चित्रकारांनी आपले काम विनामूल्य दिले आणि शाळेच्याच छापखान्यात, लायोनेल फायनिंगर यांच्या देखरेखीखाली, ते छापले गेले. शाळा पैशाच्या विवंचनेत होती आणि विक्रीतून तिला हातभार लागावा असा हेतू होता. ती शाळा १९२५ मध्ये वायमारहून देसाऊला, तेथून १९३२ मध्ये बर्लिनला गेली आणि १९३३ मध्ये नाझींच्या काळात बंद पडली. तिच्या संपुटांतील कागद मात्र जगभरच्या संग्रहालयांत आजही सांभाळले जात आहेत. इमारतीपेक्षा कागद अधिक टिकला.

आमच्या शाळेचे संपुट असे जगप्रसिद्ध होणार नव्हते. पण बेत तोच होता. वीस माजी विद्यार्थ्यांनी एकेक चित्र करावे, प्रत्येकाने तीस प्रती काढाव्यात. वीस संच सहभागी झालेल्यांना, दोन शाळेच्या संग्रहाला, आणि उरलेले आठ विकून येणारी रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला. आम्हांला आलेल्या पत्रात शेवटी एक अट होती: प्रती पूर्ण झाल्यावर ठसा रद्द करावा आणि रद्द केलेल्या ठशाची एक छाप शाळेकडे पाठवावी. ठसा रद्द करणे म्हणजे त्यावर आडवी खोल रेघ ओढणे. मग त्यातून पुन्हा चांगली प्रत निघत नाही, आणि रेघेसह काढलेली छाप हा त्याचा पुरावा ठरतो. मी संमतिपत्रावर सही केली. तीस प्रती वेळेवर पाठवल्या. ठशावर रेघ मात्र ओढली नाही.

कारण सांगितले पाहिजे. माझे चित्र होते नागोठण्याच्या जुन्या पुलाचे. अंबा नदीवरील हा दगडी पूल सोळाव्या शतकात चौलच्या काजी अल्लाउद्दीन यांनी बांधल्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना तो दिसतही नाही. गावाच्या एका अंगाला प्लास्टिकचे दाणे करणारा मोठा कारखाना आला, तो चालवणाऱ्या सरकारी आयपीसीएलचा ताबा २००२ साली रिलायन्सकडे गेला, गाव पसरले. पूल आपला होता तेथेच आहे, अरुंद आणि कमानदार. त्याच्या दगडांमधील सांधे कोरण्यात माझे चार महिने गेले. चाळशी लावून, रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर. त्या फळीवर रेघ ओढायला हात उठेना. ‘उद्या ओढू’ असे म्हणून ती जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. शाळेकडून विचारणा झाली नाही. वर्ष उलटले.

मग त्या ठशाला काम सांगून आले. माझ्याकडे चित्रकला शिकलेल्या एका मुलीला मुंबईच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिचे वडील कंत्राटी कामगार. प्रवेशाची रक्कम त्यांनी कशीबशी जमवली. वसतिगृह, रंग, कागद, येण्याजाण्याचा खर्च यांची मात्र तोंडमिळवणी होईना. त्या रात्री मला पलंगाखालच्या फळीची आठवण झाली. शाळेच्या विक्रीत संपुटांना बरी किंमत आली होती हे मला ठाऊक होते. पुलाच्या दहा प्रती काढल्या तर मुलीचे पहिले वर्ष सुखाने पार पडेल. क्रमांकाचे काय करायचे, हेही सुचले. चित्रकारांत अशी रीत आहे, की मोजलेल्या प्रतींखेरीज दोन-चार प्रती चित्रकार स्वतःसाठी काढतो आणि त्यांवर ‘कलावंताची प्रत’ असे लिहितो. मी दहा लिहिल्या असत्या तर कोण मोजायला आले असते?

माझ्या मनाने तत्काळ वकीलपत्र घेतले, आणि ती वकिली अगदीच पोकळ नव्हती. ठसा हा मुळात अनेकांसाठीच जन्मलेला. जो कागद हजारांना मिळू शकतो तो तिसांवर अडवणे म्हणजे विहिरीला पाणी असताना रहाट काढून ठेवणे. चित्तप्रसाद हा बंगाली चित्रकार १९४६ नंतर मुंबईत अंधेरीला राहिला. त्याने आयुष्यभर लिनोवर काम केले ते याच श्रद्धेने, की चित्र गरिबाच्या भिंतीवर गेले पाहिजे. आपल्या प्रतींना क्रमांक घालून त्यांना दुर्मीळ वस्तू बनवण्याकडे त्याचा सहसा कल नसे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९७३ पासून डिसेंबरच्या आरंभी नंदन मेळा भरतो. नंदलाल बोस यांच्या जन्मदिनाच्या आधीचे ते दोन दिवस. विद्यार्थी आणि शिक्षक आपले काम स्वस्तात विकतात आणि पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला जातो. तेथे कोणी ठशांवर रेघा ओढत बसत नाही. शाळेचे स्मरण करायचे तर ते असे का करू नये?

त्याहून मोठा दाखला गोयाचा. स्पेनवर नेपोलियनच्या सैन्याने केलेल्या स्वारीतील क्रौर्य पाहून त्याने युद्धाच्या अनर्थांची ताम्रपट्ट्यांवरील मालिका कोरली. हयातीत ती प्रसिद्ध करण्याचे धाडस त्याला करता आले नाही. तो १८२८ मध्ये वारला. पट्ट्या राहिल्या. पस्तीस वर्षांनी, १८६३ मध्ये, माद्रिदच्या सान फेर्नांदो कला-अकादमीने, म्हणजे ज्या संस्थेत गोयाने स्वतः शिकवले होते तिनेच, त्यांपैकी ८० पट्ट्यांवरून संपुट काढले. युद्धाविरुद्ध मानवाने दिलेल्या साक्षींत तिचे स्थान फार वरचे आहे. त्या पट्ट्यांवर कोणी नियमाप्रमाणे रेघ ओढली असती तर? माझ्या मनातील वकील येथे थांबला आणि न्यायाधीशाकडे पाहू लागला.

विरुद्ध बाजूलाही बोलायला जागा होती. रेंब्रांटच्या अनेक ताम्रपट्ट्या त्याच्या मृत्यूनंतर हातोहात फिरत राहिल्या. अठराव्या शतकात पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या पुन्हा पुन्हा छापल्या. रेषा झिजल्या, तेव्हा दुसऱ्यांनी त्या नव्याने खोदल्या. आजारी माणसांना बरे करणाऱ्या ख्रिस्ताच्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्राची पट्टी बेली नावाच्या आयरिश कप्तानाने मिळवली, १७७५ मध्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, शंभरेक प्रती काढल्या आणि मग तिचे तुकडे करून तुकड्यांच्याही प्रती विकल्या. खाली नाव रेंब्रांटचे आणि वर हात दुसऱ्याचा. ठसा उघडा ठेवला म्हणजे तो गरिबाच्याच हाती जातो असे नाही. तो व्यापाऱ्याच्याही हाती जातो.

परंतु हे दाखले मला पुरेसे वाटेनात. माझा ठसा झिजलेला नव्हता आणि पैसा माझ्या खिशात जाणार नव्हता. शिवाय, संख्या मर्यादित ठेवल्याने किंमत वाढते हे कारण मला तेव्हाही हलके वाटे, आजही वाटते. वस्तूचे मोल दुसऱ्याकडे ती नसण्यावर अवलंबून असेल, तर त्या मोलात मत्सराचा अंश आहे. माझ्या आजीच्या कोर्लईच्या घरात, वेदीवर, येशूच्या पवित्र हृदयाचे एक रंगीत छापील चित्र होते. तसली चित्रे गावातील घराघरांत होती, मुंबईत तर फुटपाथावर मिळत. त्यामुळे आजीची संध्याकाळची प्रार्थना कधी उणी झाली नाही. चित्र कितव्या क्रमांकाचे, हे तिने विचारले नाही. तिच्या दृष्टीने ते एकच होते, कारण तिच्या घरी तेच होते.

मे महिन्यात काही कामानिमित्त पेणला गेलो होतो. पेणचे गणपती महाराष्ट्राला सांगायला नकोत. गल्लीबोळांत कारखाने आहेत. शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्तींच्या रांगा उन्हात, पडव्यांत, माळ्यांवर उभ्या असतात. आधी मूर्तिकार एक नमुना घडवतो, त्यावरून साचा होतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती हातानेच होते आणि ती ज्याच्या हाताला साधते तो कारखान्यातील मानाचा माणूस. माझ्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आखणीला बसले होते. मी शेजारी बसलो आणि विचारले,

“काका, एका साच्यातून किती मूर्ती काढता?”

“साचा चालेल तितक्या.”

“मग यांतली खरी कोणती?”

ते हसले. कुंचला न थांबवता म्हणाले, “ज्याच्या घरी जाते त्याला विचारा, मास्तर. तो सांगेल, माझीच.”

मला हे ऐकून बरे वाटले. माझ्या आजीचेच उत्तर होते ते. वाटले, हा माणूस माझ्या बाजूचा. म्हणून मग पुलाची, ठशाची, मुलीची सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी एका मूर्तीचे दोन्ही डोळे पुरे केले, मूर्ती बाजूला सरकवली आणि विचारले,

“तीसच काढीन, असं तुम्ही लिहून दिलंत?”

“दिलं.”

“आम्ही कोणाला तसं लिहून देत नाही. म्हणून आम्ही मोकळे.” थोडे थांबून ते म्हणाले, “पोरीला मदत करायचीय ना? मग तुमचं स्वतःचं काही असेल ते विका. त्या तीस जणांचं कशाला विकता?”

परतीच्या एस.टी.त हे वाक्य माझ्याबरोबर होते. तोवर मी या प्रकरणात दोनच पक्ष धरले होते. एकीकडे गरजू मुलगी, दुसरीकडे एक कोरडा नियम. नियमापेक्षा माणूस मोठा, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या नियमाच्या मागेही माणसे उभी होती आणि ती मला दिसली नव्हती. आठ जणांनी पैसे मोजून संपुट घेतले. त्यांनी कागद घेतले आणि त्याबरोबर माझा शब्दही घेतला. अपूर्णांकाची खालची संख्या म्हणजे तो शब्द. एकोणीस सहकाऱ्यांनी तीच अट पाळली होती. त्यांतील एकजण, आमच्यात सर्वांत वडील, संपुट निघाल्यावर काही महिन्यांतच वारला. आपल्या तांब्याच्या पत्र्यावर त्याने ओढलेल्या रेघेची छाप मी शाळेत पाहिली होती. त्याच्या चित्राची एकतिसावी प्रत आता कोणत्याही उपायाने निघणार नाही. माझी निघाली असती. एकाच पेटीत, एकाच अपूर्णांकाखाली, एक माणूस खरे बोलला होता आणि दुसरा वाट पाहत होता.

कोणी म्हणेल, जे नुकसान कोणाला कळत नाही ते नुकसान कसले? त्या आठ घरांतील पेट्यांतून एकही कागद कमी झाला नसता. हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळ वेळा केला आहे. पण जो शब्द केवळ कळण्याच्या भीतीने पाळला जातो, तो शब्द कशाला म्हणायचे? पेन्सिलीच्या त्या अपूर्णांकाला कोणतेही कुलूप नसते. तो तपासण्याचे साधन घेणाऱ्याकडे नसते. त्याने विश्वास ठेवला म्हणूनच तो अपूर्णांक उभा राहतो. असा विश्वास मोडून केलेले दान हे दुसऱ्याच्या पिशवीतून केलेले दान होय, आणि त्यात आणखी एक दोष आहे: ते करणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. माझ्या त्या योजनेत मुलीला पैसे मिळाले असते, मला पुण्य मिळाले असते आणि ठसाही शाबूत राहिला असता. तिन्ही गोष्टी इतक्या सहजपणे जुळून येत होत्या, यातच मला शंका यायला हवी होती.

गोयाच्या पट्ट्यांचे कोडेही मग उलगडले. गोयाने त्या पट्ट्यांविषयी कोणाला शब्द दिलेला नव्हता. त्या मालिकेच्या मोजक्या प्रती कोणी विश्वासाने विकत घेतल्या नव्हत्या. म्हणून त्या जपणे आणि छापणे हे कर्तव्य ठरले. पेणच्या काकांचा साचाही असाच मोकळा. ठसा राखावा की मोडावा याचे उत्तर ठशात नाही. तो हाती घेऊन आपण कोणाला काय म्हणालो, त्यात आहे. आणि एवढे खरे, की तीसचा आकडा मान्य करण्यापूर्वी मी विचार करायला हवा होता. मी अधिक प्रतींचा, स्वस्त किमतीचा आग्रह धरू शकलो असतो. तेव्हा मी गप्प बसलो, कारण मोजक्या तिसांत आपले नाव असावे याचा मला आनंद होता. तो आनंद घेऊन झाल्यावर उदार होणे सोपे होते.

तरीही एक खंत उरत होती. स्मरणासाठी काढलेल्या चित्राचा ठसा मोडायचा, म्हणजे स्मरणाचाच झरा आपण बुजवत नाही काय? या ठिकाणी मला आपल्या समाजाच्याच इतिहासातील एक गोष्ट आठवली. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात येशूसंघीयांच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. जी यंत्रे ग्रंथ टिकावा, पसरावा म्हणून चालवली, त्यांचे सगळे काम काळाने पुसले. ग्रंथ मात्र राहिला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. बोरूने, एकेक ओवी करून, पिढ्यान्‌पिढ्या. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालदान्हा यांनी तो पुन्हा छापला तो अशाच हस्तलिखितांच्या आधारे.

या इतिहासातून मला जे कळले ते असे. स्मरण प्रतींच्या संख्येत सुरक्षित नसते आणि ठशातही नसते. कोणीतरी पुन्हा बसून कष्ट घेतो, तेव्हा ते पुढे जाते. माझ्या शाळेने मला चित्र दिले नव्हते. कोरणी कशी धरावी ते शिकवले होते. फळी मोडली तरी ते मोडणार नव्हते. माझ्यापुढे दोनच वाटा आहेत, जुन्या ठशावर पुन्हा शाई फिरवावी किंवा तो मोडून हळहळत बसावे, असे मी समजून चाललो होतो. नवी फळी घेण्याची वाट समोरच होती. तिला चार महिने लागणार होते, एवढाच तिचा दोष.

पण फी चार महिने थांबणार नव्हती. माझे स्वतःचे म्हणावे असे विकण्याजोगे एकच होते. ती पेटी.

ती हातची जाऊ देण्यापूर्वी मी मुलीला घरी बोलावले. एका दुपारी आम्ही वीसही कागद जमिनीवर अंथरले. पेटी कशासाठी काढली आहे हे मी तिला सांगितले नव्हते. ती हात न लावता, गुडघ्यांवर बसून, एकेक चित्र पाहत गेली. वारलेल्या मित्राच्या चित्रापाशी बराच वेळ थांबली. त्याच्या चित्रात काही नव्हते. एक रिकामी खुर्ची आणि भिंतीवर पडलेली खिडकीची सावली.

“सर, ही सावली पत्र्यावर कशी आणली असेल?” तिने विचारले.

मी जे मला माहीत होते ते सांगितले. पत्रा आम्लात किती वेळ ठेवला असता सावली हलकी होते, किती वेळात गडद होते. बाहेर पाऊस होता. ती दुपार माझ्या मते त्या संपुटाची खरी स्मरणसभा होती, आणि तिला आम्ही दोघेच हजर होतो.

पेटी एका संग्राहकाने घेतली. संच फोडायचा नाही एवढीच विनंती मी केली, आणि त्यांनी ती मान्य केली. आलेली रक्कम मुलीच्या वडिलांच्या हाती देताना ती शाळेच्या माणसांकडून आहे असे सांगितले. ते खोटे नव्हते. तिने वर्षाची गरज सगळी भागली नाही, पण दिवाळीपर्यंतची चिंता मिटली. पुढचे पुढे पाहिले.

त्या रात्री पलंगाखालची फळी काढली. धोतराच्या घड्या उलगडल्या. सर्वांत रुंद कोरणी घेऊन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. चार महिन्यांच्या कामाला दोन मिनिटे लागली. मन हलके वगैरे काही झाले नाही. हाताला कंप होता आणि वाईट वाटत होते. मग शाई लावली, एक छाप घेतली. काळ्या पुलावरून पांढरी रेघ आरपार गेलेली. तिच्याखाली तारीख घातली, उशीर झाल्याबद्दल क्षमा मागणारे पत्र जोडले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाने शाळेकडे पाठवली. उत्तरादाखल पोच आली. तीत उशिराचा उल्लेख नव्हता.

रद्द केलेली फळी आता खिडकीत उभी असते. शेजारी नवी फळी कोरायला घेतली आहे. तिच्यावर अंबेचा घाट आहे, धुणे धुणाऱ्या बायका आहेत. पूल कोपऱ्यात, अगदी लहान. मुलगी सुटीत आली होती तेव्हा पाण्याचा काही भाग तिने कोरून दिला. याच्या किती प्रती काढायच्या, असे तिने विचारले. मागतील तितक्या, असे मी सांगितले. यावेळी मी कोणाला काही लिहून दिलेले नाही.